गोठ्यातील व मळ्यातील एलईडी दिव्यांसाठी तारेची निवड

एलईडी दिवा आता खेड्यापाड्यांतून इतका रुळला आहे की त्याची नवलाई उरली नाही. सन २०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने उजाला योजना सुरू केली, दिव्याची किंमत झपाट्याने उतरली आणि जेथे पूर्वी कंदील टांगलेला असे त्या गोठ्यातही नऊ वॅटचा पांढरा दिवा लागला. ही गोष्ट चांगलीच झाली. रात्री अपरात्री गाय व्याली, चाळीतल्या कांद्याला पाणी लागले, मळ्यात जनावर शिरले, अशा वेळी उजेडाची किंमत ज्याला कळते तो शेतकरी या दिव्यास दुवाच देईल.

परंतु दिव्याची निवड आपण जितक्या चोखंदळपणे करतो, तितकी त्यास वीज पुरविणाऱ्या तारेची करीत नाही. दिवा विकत घेताना वॅट पाहतो, हमीची वर्षे विचारतो. तार मात्र घरात उरलेली असेल ती, अगर बाजारात स्वस्त मिळेल ती. आमच्या हातूनही हेच घडले व त्याची किंमत आम्हांस एका दुभत्या गाईने मोजावी लागली. तशी वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहावयास घेतला आहे.

घडलेली हकीकत

आमच्या गोठ्यात पाच एलईडी दिवे आहेत. ते बसविले तेव्हा आम्ही असा विचार केला की, नऊ वॅटचा दिवा तो काय वीज खाणार! त्यास जाड तार घेणे म्हणजे शेळीस बैलाचे जू घालणे होय. म्हणून आठवड्याच्या बाजारातून पीळ घातलेली, दोन पदरी, बारीक तार आणली. विहिरीवरील पंपाच्या बोर्डावरून फाटा काढला आणि तार गोठ्याच्या पत्र्याखालून, लोखंडी कैचीस सुतळीने बांधून नेली. दिवे लागले. दोन वर्षे ते बिनतक्रार लागत होते.

तिसऱ्या वर्षी श्रावणात आमची गाय पाण्यास तोंड लावीना. हौदाशी जाई, मान खाली घाली आणि झटका बसल्यासारखी मागे सरे. आम्ही समजलो, तोंडास काही झाले असेल. औषध दिले. तिसऱ्या दिवशी पहाटे गाय लोखंडी खांबाशी मरून पडलेली आढळली. वाऱ्याने हलणाऱ्या पत्र्याच्या धारेवर घासून तारेचे वेष्टन गेले होते. पत्रा, कैची व खांब ही सर्वच विजेने भारली गेली होती आणि ओल्या जमिनीवर उभे असलेले जनावर त्यांस टेकले होते. धारेची वेळ अर्ध्या तासावर आली होती. गोठ्यात प्रथम पाऊल घरातील सून टाकते, हे लिहिताना आमचा हात थांबतो.

आमची नोकरी महसूल खात्यात कारकुनीची. आगीने जळालेल्या गोठ्यांचे, वाड्यांचे व गंजींचे किती पंचनामे आमच्या हाताखालून गेले असतील याची मोजदाद नाही. ‘नुकसानीचे कारण’ या रकान्यात बहुधा दोनच शब्द असत: शॉर्ट सर्किट. ते आम्ही इमानाने उतरून घेत आलो. ती तार किती जाडीची होती, कोठून नेली होती, तिच्या मागे फ्यूज कोणता होता, हे पंचांनी लिहिले नाही व आम्हीही कधी विचारले नाही. स्वतःच्या गोठ्याचा पंचनामा झाला तेव्हा त्या दोन शब्दांत किती गोष्टी दडलेल्या असतात हे प्रथम उमगले.

चूक कोठे होती

दिव्याची भूक लहान असते, हे खरे आहे. जुना साठ वॅटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारे पाव अँपिअर प्रवाह घेई. नऊ वॅटचा एलईडी दिवा त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याने घेतो. पाच दिवे मिळून पंचेचाळीस वॅट, म्हणजे पाव अँपिअरही पुरता होत नाही. एवढा प्रवाह केसासारखी बारीक तारही सहज वाहून नेईल. आमचे गणित येथवर बरोबर होते.

चूक पुढे होती. दिवा किती वीज खातो यावरून तार ठरत नाही. तारेच्या मागे कोणती शक्ती उभी आहे आणि ती तार कोणत्या जागेतून जाते, या दोन गोष्टींवरून तार ठरते. सर्व काही सुरळीत असते तोवर तारेतून दिव्यापुरताच प्रवाह वाहतो. परंतु वेष्टन फाटून दोन तारा एकमेकींस चिकटल्या, की मध्ये दिवा उरत नाही; मग मागच्या बोर्डाची सारी ताकद त्या बारीक तारेतून धावू लागते. पंपाच्या बोर्डावरील फ्यूज पंपाच्या मानाने मोठा असतो. त्यातून आपल्याकडे किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी जाड तारेचा तुकडा घालण्याची खोड सार्वत्रिक आहे. असा फ्यूज जाण्यापूर्वी दिव्याची तारच तापून लाल होते आणि तिच्याखाली कडब्याची पेंढी असेल तर पुढे काय होते ते सांगणे नको.

सबब पहिला नियम हा की, दिव्यांचा फाटा जेथे निघतो तेथे त्याच्या तारेस झेपेल असा वेगळा एमसीबी बसवावा. दिव्यांच्या लहान फाट्यास ६ अँपिअरचा पुरतो. एमसीबी दिव्याच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

अनेक तारांची तार का घ्यावी

बाजारात तार दोन प्रकारची मिळते: एकच भरीव तार असलेली, आणि अनेक बारीक तारा एकत्र वळलेली. दुसरीस दुकानदार मल्टीस्ट्रँड म्हणतात. भरीव तार दोनचार वेळा वाकविली की आतून तडकते, आणि तडकलेली जागा वेष्टनाच्या आत दिसत नाही. अनेक तारांची तार वाकते, वळते, पाइपातून सुखाने ओढली जाते व पत्र्याच्या हालचालीने लवकर तुटत नाही. गोठ्यास, चाळीस व मळ्यातील छपरास हीच योग्य.

तारेची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये सांगतात. बाजारात प्रचलित असलेल्या तांब्याच्या तारांची घडण सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असते:

०.७५ चौ. मि.मी. — ०.२ मि.मी. जाडीच्या २४ तारा
१.० चौ. मि.मी. — ०.३ मि.मी. जाडीच्या १४ तारा
१.५ चौ. मि.मी. — ०.३ मि.मी. जाडीच्या २२ तारा
२.५ चौ. मि.मी. — ०.३ मि.मी. जाडीच्या ३६ तारा
४.० चौ. मि.मी. — ०.३ मि.मी. जाडीच्या ५६ तारा

काही कारखाने याहून बारीक तारा अधिक संख्येने घालतात. त्यात गैर काही नाही. तारांची संख्या आणि जाडी यांचा मेळ बसला म्हणजे झाले.

गोठ्यातील व घरातील दिव्यांसाठी १.५ चौ. मि.मी.ची तार वापरावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रवाहाच्या हिशेबाने १ चौ. मि.मी.ही पुरेल, परंतु आज जेथे दिवा आहे तेथे उद्या पंखा लागतो, परवा कडबाकुट्टीच्या मोटारीचा फाटा कोणी त्यालाच जोडतो. कुट्टीच्या मोटारीसाठी वेगळी जाड तार घालणे हेच योग्य. तथापि माणसाचा स्वभाव ओळखून तारेत थोडी ताकद शिल्लक ठेवणे शहाणपणाचे.

खरी-खोटी तार कशी ओळखावी

तारेच्या व्यवहारात फसवणूक तीन प्रकारे होते: तारा मोजून कमी घालतात, तारा बारीक घालतात, अगर ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा देऊन ती तांब्याची म्हणून विकतात. तिहींची परीक्षा शेतकऱ्यास घरच्या घरी करता येते.

पहिली परीक्षा मोजणीची. तारेचे टोक वीतभर सोलून बारीक तारा मोजाव्या. नंतर त्यांतील एक तार पेन्सिलीवर वेढ्याशी वेढा लावून वीस वेढे गुंडाळावी व वेढ्यांची रुंदी पट्टीने मोजावी. रुंदी ६ मि.मी. भरली तर तारेची जाडी ०.३ मि.मी.; ४ मि.मी. भरली तर ०.२ मि.मी. ०.३ मि.मी.च्या एका तारेचे क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौ. मि.मी. असते व ०.२ मि.मी.च्या तारेचे सुमारे ०.०३. बावीस तारा ०.०७ च्या असतील तर दीड चौ. मि.मी. पूर्ण भरते, त्याच बावीस तारा ०.०३ च्या निघाल्या तर पाऊणही भरत नाही. वरून वेष्टन जाड घातले की दोन्ही तारा डोळ्यांस सारख्याच दिसतात.

दुसरी परीक्षा चाकूची. एक बारीक तार चाकूच्या पात्याने खरवडावी. आतून पांढरी चकाकी दिसली तर ते ॲल्युमिनियम समजावे. तांबे आतबाहेर लालच असते. मुलाम्याची तार प्रवाहास अधिक अडविते, म्हणजे त्याच जाडीत अधिक तापते. शिवाय गोठ्यातील दमट हवेत तिचे जोड लवकर कुजतात.

तिसरी परीक्षा वजनाची. दीड चौ. मि.मी.ची एक मीटर तार पूर्ण सोलून आतील धातू ओळखीच्या सराफाच्या काट्यावर घालावा. शुद्ध तांबे सुमारे १३ ग्रॅम भरेल. मुलाम्याची तार त्याच्या निम्म्यालाही पोहोचणार नाही.

याखेरीज खरेदीच्या वेळी वेष्टनावरील छाप वाचावा. सन २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशान्वये विजेच्या तारांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक झाले. पीव्हीसी वेष्टनाच्या तारेस ‘आयएस ६९४’ हे मानक लागू आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक व खाली सीएम/एल अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइलवरील ॲपमध्ये घालून पाहिला की परवाना कोणत्या कारखान्याचा आहे ते समोर येते. घरात शिकलेले मूल असेल तर हे काम दोन मिनिटांचे आहे. पावती अवश्य घ्यावी. बिनपावतीच्या मालाची दाद कोठेही लागत नाही.

वेष्टनावर एफआर, एफआरएलएस, एचआर अशी अक्षरे असतात. एफआर म्हणजे आग पुढे पसरू न देणारे वेष्टन. ते मुळीच जळत नाही अशी समजूत करून घेऊ नये. एफआरएलएस म्हणजे शिवाय धूर कमी करणारे. एचआर म्हणजे उष्णता अधिक सोसणारे: साधे पीव्हीसी ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, तर हे ८५ अंशांपर्यंत. वैशाखात पत्र्याखाली हात ठेववत नाही, हे ज्यास ठाऊक आहे त्याने पत्र्याच्या गोठ्यास एचआर वेष्टनाची तार घेतल्यास पैसे वाया जाणार नाहीत.

एकेरी तार की केबल

पाइपातून न्यावयाची असेल तर सुट्या एकेरी तारा चालतात: लाल फेजसाठी, काळी न्यूट्रलसाठी, हिरवी अर्थिंगसाठी. उघड्यावरून अगर आढ्यावरून न्यावयाची असेल तर तीन कोअरची, वरून दुसरे जाड वेष्टन असलेली गोल केबल घ्यावी. दोन वेष्टने असल्याने एक घासले तरी दुसरे उरते, आणि तिसऱ्या कोअरने अर्थिंग आपोआप सोबत जाते. पीळ घातलेली दोन पदरी तार गोठ्यात मुळीच वापरू नये. तिच्यात अर्थिंग नाही, वेष्टन एकच व पातळ, आणि पिळाच्या खाचांत धूळ व ओल साचते.

पंपाची उरलेली चपटी केबल दिव्यांस वापरावी काय, असे पुष्कळजण विचारतात. ती तांब्याची असते, तीन कोअरची असते व जाडीही भरपूर असते. तुकडा अखंड असेल, उंदराने कुरतडलेला अगर जागोजाग चिकटपट्टी लावलेला नसेल, तर ती बाजारातील बारीक तारेपेक्षा शतपटीने बरी. तीन कोअरपैकी एक अर्थिंगासाठी राखावा व दोन्ही टोकांस त्यावर हिरवी पट्टी गुंडाळून खूण करावी, म्हणजे पुढे दुरुस्तीस येणारा माणूस फसणार नाही.

बारा व्होल्टचे वेगळे गणित

अलीकडे शेतातील झोपडीत सौर पट्टी, बॅटरी व बारा व्होल्टचे एलईडी दिवे बसविण्याची प्रथा वाढली आहे. बारा व्होल्टने माणसास वा जनावरास झटका बसण्याचे भय जवळजवळ नसते. म्हणून तेथे कसलीही तार चालते, असा समज पसरला आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. तेच वॅट कमी व्होल्टवर मिळवावयाचे तर प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो, आणि तारेस भार पडतो तो प्रवाहाचा.

पंचेचाळीस वॅटचे दिवे २३० व्होल्टवर ०.२ अँपिअर घेतात. तेच दिवे बारा व्होल्टवर ३.७५ अँपिअर घेतात. समजा, बॅटरी झोपडीत आहे आणि दिवे २० मीटरवरील खळ्यावर आहेत. जाण्यायेण्याची मिळून तार ४० मीटर झाली. तिच्यात वाटेतच किती व्होल्ट खर्ची पडतील ते पाहा:

१.० चौ. मि.मी. तारेत सुमारे २.९ व्होल्ट
१.५ चौ. मि.मी. तारेत सुमारे २.० व्होल्ट
२.५ चौ. मि.मी. तारेत सुमारे १.२ व्होल्ट
४.० चौ. मि.मी. तारेत सुमारे ०.७ व्होल्ट

म्हणजे एक चौ. मि.मी.च्या तारेने बारापैकी जेमतेम नऊ व्होल्ट दिव्यापर्यंत पोहोचतात व दिवा मिणमिणतो. शेतकरी दिव्यास दोष देतो, कोणी बॅटरीस देतो. दोष तारेचा असतो. २३० व्होल्टवर त्याच एक चौ. मि.मी.च्या तारेत पाव व्होल्टही खर्ची पडत नाही. यावरून नियम असा निघतो की, बारा व्होल्टची तार जाड आणि आखूड असावी. बॅटरी दिव्यांच्या जवळ न्यावी. ते शक्य नसेल तर चोवीस व्होल्टची व्यवस्था करावी, म्हणजे प्रवाह निम्मा होतो.

दुसरी गोष्ट आगीची. भरलेली बॅटरी क्षणभर शेकडो अँपिअर ओतू शकते. तिच्या तारा एकमेकींस चिकटल्या तर तारेचे वेष्टन पाहता पाहता पेटते. यास्तव बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत, तारेस साजेसा फ्यूज बसवावा. हा फ्यूज स्वस्त असतो आणि बहुतेक झोपड्यांत तोच नसतो.

फुलमळ्यातील दिवे

काही बागाईतदार शेवंतीच्या व ड्रॅगन फ्रूटच्या मळ्यात रात्री दिवे लावतात. शेवंती रात्र मोठी झाली की फुलावर येते. म्हणून रोपांची वाढ होईपर्यंत रात्री उजेड देऊन तिचे फुलणे लांबवितात. ड्रॅगन फ्रूटचे उलट आहे. त्यास दिवस मोठा लागतो, म्हणून हिवाळ्यात उजेड देऊन बिनहंगामी फूल आणवितात. येथे दिवे पाच नसून शेकडा असतात व तार शंभर शंभर मीटर धावते.

नऊ वॅटचे शंभर दिवे म्हणजे ९०० वॅट. हिशेबाने चार अँपिअर. परंतु स्वस्त दिव्यांवर पॉवर फॅक्टर ०.५ असा छापलेला असतो. तेथे प्रवाह दुप्पट, म्हणजे आठ अँपिअर धरावा. शंभर मीटरवर एवढा प्रवाह नेण्यास दीड चौ. मि.मी.ची तार अपुरी आहे. तीत वीस व्होल्ट वाटेतच जातील. बोर्डापासून मळ्यापर्यंतची मुख्य तार ४ चौ. मि.मी.ची घ्यावी आणि तिच्यापासून ओळीओळींस १.५ ची फूट काढावी. प्रत्येक फाट्यास स्वतंत्र एमसीबी ठेवावा. सर्व दिवे एकदम लावल्यास क्षणभर मोठा प्रवाह ओढला जाऊन एमसीबी पडतो, तोही त्रास यामुळे वाचतो. जमिनीखालून न्यावयाची तर साधी तार पुरू नये. पोलादी कवचाची, बाजारात आर्मर्ड म्हणून मिळणारी केबल घेऊन ७५ सें.मी. खोल, खाली-वर वाळू देऊन आणि वर विटा मांडून पुरावी. नांगराचा फाळ व कुदळ तिच्यापर्यंत पोहोचू नये हा हेतू. पाणी देताना व फवारणी करताना दिव्यांचा फाटा बंद ठेवावा.

तार कोठून व कशी न्यावी

गोठ्यातील हवा तारेस घातक असते. मूत्राच्या अमोनियाने तांब्याचे उघडे जोड हिरवे पडून कुजतात, उंदीर वेष्टन कुरतडतात आणि जनावर शिंगाने ओढते. यासाठी तार पीव्हीसी पाइपातून, जनावराची मान पोहोचणार नाही इतक्या उंचीवरून न्यावी. पत्र्याच्या धारेस, लोखंडी कैचीस अगर खिळ्यास ती टेकू देऊ नये. जेथे लोखंडातून आरपार न्यावी लागेल तेथे भोकास रबरी कडे बसवावे. आमचा घात याच एका जागी झाला. कडब्याच्या गंजीवरून तर कोणतीच तार नेऊ नये.

जोड शक्यतो ठेवूच नये. ठेवणे भाग असेल तर झाकणाच्या जंक्शन बॉक्समध्ये कनेक्टरने करावा. नुसती पीळ देऊन चिकटपट्टी लावलेली जागा एका पावसाळ्यात सुटते. होल्डरच्या स्क्रूखाली तार घालताना बारीक तारांपैकी काही कापून टाकण्याची वाईट सवय कारागिरांस असते. बावीसपैकी दहा कापल्या की तेवढ्या जागी तार निम्मीच उरते आणि तेथेच तापते. सर्व तारा नीट वळून, शक्य तर टोकास थिंबल दाबून बसवाव्या; एकही तार बाहेर डोकावता कामा नये.

अर्थिंग व आरसीसीबी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमच्या गोठ्यात दोन दिवस वीज जमिनीत झिरपत असता फ्यूज का गेला नाही, असा प्रश्न वाचकांस पडेल. खांबाचा जमिनीशी विरोध, उदाहरणार्थ, ५० ओहम धरला तर २३० व्होल्टने ४.६ अँपिअरच प्रवाह वाहतो. पंपाचा फ्यूज राहो, ६ अँपिअरचा एमसीबीही त्याने पडत नाही. त्यास तो दिव्यांचाच भार वाटतो. परंतु गाईस अगर माणसास मारण्यास अँपिअरचा अल्पसा अंशही पुरे होतो.

हे काम आरसीसीबी नावाच्या उपकरणाचे आहे. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत फरक पडला की ते वीज तोडते. दिव्यांच्या फाट्यावर ३० मिलीअँपिअरचा, दोन पोलचा आरसीसीबी बसवावा. तो आमच्या बोर्डावर असता तर वेष्टन घासून तार पत्र्यास लागली त्याच क्षणी दिवे गेले असते, आणि गाय वाचली असती. त्यावरील ‘टी’ अक्षराचे बटण दर महिन्यास एकदा दाबून पाहावे. अमावास्येस बैलांना कामास जुंपत नाहीत. तो दिवस या कामास नेमून ठेवल्यास विसर पडत नाही.

अर्थिंगची तार गोठ्याच्या लोखंडी सांगाड्यासही जोडावी. पंपाच्या बोर्डावर न्यूट्रल नसला म्हणजे कित्येक ठिकाणी जमिनीत सळई ठोकून तिचाच न्यूट्रल करतात. हा प्रकार फार भयंकर आहे. त्या सळईभोवतीची ओली जमीनच विजेने भारली जाते. जनावराचे पुढचे व मागचे पाय एकमेकांपासून दूर असल्याने पायांपायांतून प्रवाह त्याच्या छातीतून जातो. माणसास नुसत्या मुंग्या येतात तेथे बैल कोसळतो. न्यूट्रल नसेल तर वीज कंपनीकडून घेण्याची खटपट करावी, अगर सौर दिवा लावावा. परंतु जमिनीस न्यूट्रल करू नये.

जनावर पाणी पिताना बिचकू लागले, दावणीस उभे राहीना, धार देताना विनाकारण लाथ मारू लागले, तर औषधाआधी गोठ्याची वीज मुख्य बटणापासून बंद करून पाहावी. मुकी जनावरे थोड्या व्होल्टचाही त्रास आपल्या आधी ओळखतात. आमच्या गाईने आम्हांस दोन दिवस सांगितले. आम्हांस ते कळले नाही.

खर्चाचा विचार

कोणी म्हणेल, पाच दिव्यांसाठी इतका खटाटोप कशास? दिव्यांच्या किमतीपेक्षा तारेचा, पाइपाचा व आरसीसीबीचा खर्च अधिक होईल. होईल, यात संशय नाही. पण हा खर्च दिव्यांच्या शेजारी मांडू नये; दावणीच्या जनावरांच्या, गंजीतील कडब्याच्या आणि गोठ्यात पाऊल टाकणाऱ्या माणसांच्या शेजारी मांडावा. चांगली तार पाइपात जपून घातली तर पुष्कळ वर्षे पुन्हा हात लावावा लागत नाही. स्वस्त तार दोन-तीन पावसाळ्यांत बदलावी लागते. आणि ती वेळेवर बदलण्याची बुद्धी होईलच असा भरवसा नसतो.

जोडणीचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. तार मात्र आपण स्वतः मोजून, खरवडून व वजन करून आणावी. कारण तारेत बचत करण्याचा मोह विकणाऱ्यास होतो तसा बसविणाऱ्यासही होतो.

आमच्या गोठ्यात आता दीड चौ. मि.मी.ची तीन कोअरची केबल पाइपातून गेली आहे आणि बोर्डावर आरसीसीबी बसला आहे. दिवे तेच पाच आहेत. पहाटे सून धारेस जाते तेव्हा आम्ही जागे असतो. परंतु आता उठून पाहावे लागत नाही. या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शेतकरी बंधूने एक दिवस काढून आपल्या गोठ्यातील तार आढ्यापासून बोर्डापर्यंत नजरेखालून घालावी, एवढीच आमची विनंती आहे.